न्हाय नावाचं कुत्रं

माघ सरत आला की तवंदीचा घाट उतरताना तंबाखूचा वास गाडीत शिरतो. कापलेली झाडं शेतात उन्हाला पसरलेली असतात, तांबूस, चिकट, आणि निपाणीकडून वारा सुटला की परगावचा माणूस शिंकायला लागतो. परवा माझा नवा ड्रायव्हर शिंकला. लागोपाठ पाच वेळा शिंकून त्यानं विचारलं, साहेब, काचा लावू का? मी म्हटलं, राहू दे. त्यानं माझ्याकडं जरा आदरानं पाहिलं. साहेब कणखर आहेत असं त्याला वाटलं असावं. मी कणखर वगैरे काही नाही. माझं नाक याच वासात वाढलं, त्यामुळं मला शिंका येत नाही. जे येतं ते आत येतं आणि तिथंच बसून राहतं.

माझ्या घरात माझ्याआधी कोणी अंगठ्याच्या पुढं गेलं नव्हतं. मी बी.ए. झालो. ही दोन अक्षरं मी आजही पत्त्यात नावापुढं लिहितो. हसायचं असेल त्यानं हसावं. तिसरीत असताना आई गेली, बापाचं तोंड मला आठवत नाही. मला वाढवलं आक्कानं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. दिवसभर तंबाखू चाळून तिचे हात असे व्हायचे की राखेनं घासा, चिंचेनं घासा, त्या हातांनी थापलेली भाकरी कडूच लागायची. लहानपणी मला भाकरी कडूच असते असं वाटायचं. पुढं कॉलेजात बेळगावला गेलो, शहापुरातल्या एका विणकराच्या माडीवर खोली घेतली, खाली दिवसभर माग खटखटायचे. त्या घरच्या बाईनं पहिल्यांदा भाकरी दिली तेव्हा मी विचारलं, यात गूळ घातलाय का? ती म्हणाली, गूळ कशाला घालीन? मी गप्प बसलो. त्या दिवसापासून मी बऱ्याच गोष्टींबद्दल गप्प बसायला शिकलो.

नोकरी लागली ती एका चहाच्या कंपनीत. एकाहत्तर-बहात्तर उलटून गेलं असेल. खेडोपाडी फुकट चहा पाजायचा, कर्ण्यातून बोलायचं, पुडे खपवायचे. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, घरचे काय करतात? मी म्हटलं, तंबाखूत आहेत.

हे खोटं नव्हतं. निपाणीत गादीवर लोडाला टेकलेला शेठही तंबाखूत असतो आणि वखारीची फरशी झाडणारी म्हातारीही तंबाखूतच असते. साहेब पुण्याकडचे. त्यांच्या डोळ्यांपुढं लोड आला. मी तो तिथंच राहू दिला.

कंपनीनं दिलेली गाडी म्हणजे चाकांवरचं घर होतं. पिवळी, पुढून फुगीर नाकाची. आत दोन्ही अंगांना लाकडी बाकं, त्यांवर गाद्या टाकल्या की बिछाना. मागं फळीवर स्टोव्ह, पितळेची भलीमोठी किटली, खणांत बसवलेले चिनी मातीचे कप. तीन-तीन महिने आम्ही त्या गाडीत राहायचो. काकतीच्या तळ्यावर आंघोळ, चिकोडीच्या बाजारात भाजी, संकेश्वरला गाडी धुणं. आम्ही म्हणजे मी आणि मल्लप्पा. मल्लप्पा ड्रायव्हर, गोकाककडचा, मराठी बोलायचा पण आमच्या भाषेतलं बाई कोण आणि बाप्या कोण हे त्याला कधी जमलं नाही. मला तो "ती" म्हणायचा आणि गाडीला "तो".

एका सकाळी काकतीजवळ गाडीतून कुईंकुईं ऐकू आलं. मी मल्लप्पाला विचारलं, आत काय आहे?

"नायी," तो म्हणाला.

मला वाटलं, काही न्हाय म्हणतोय. म्हटलं, न्हाय कसं, मला ऐकू येतंय की. तो पुन्हा म्हणाला, "नायी री." मी चिडलो. मी बी.ए. झालेला माणूस, हा ड्रायव्हर मला तोंडावर न्हाय म्हणतो. पडदा सरकवून बघितलं तर माझ्या गादीवर वीतभर कुत्रं बसलेलं. पांढरं, एक कान तपकिरी, शेपटी कुणीतरी अर्धी कापलेली. मल्लप्पा पोट धरून हसला. कानडीत नायी म्हणजे कुत्रं. इतकं मलाही माहीत होतं, पण घरच्या कानानं ऐकलं की घरचाच अर्थ निघतो.

तेव्हापासून त्याचं नाव न्हाय. गावोगाव या नावानं गंमत व्हायची. आजऱ्याकडच्या एका म्हातारीनं तर मला हटकलं होतं, "न्हाय म्हंतासा आनि वर बोलावतासा बी? एक कायतरी ठरवा की." कुत्रं आत ड्रायव्हरशेजारी, इंजिनाच्या उबदार झाकणावर झोपायचं. गाडी चालू असली की गाढ झोप, थांबली की लगेच जागं. कुणी काहीही नाकारलं की ते उठून यायचं. मल्लप्पा पेट्रोलपंपावर म्हणायचा, हवा भरायची न्हाय, की हे हजर. दुकानात साखर न्हाय, की हे दुकानात. मी कंटाळलो की मजा म्हणून न्हाय, न्हाय, न्हाय म्हणत राहायचो आणि ते माझ्याभोवती फिरून फिरून भोवंडून पडायचं. मल्लप्पाला हे आवडायचं नाही. तो म्हणायचा, बोलावलं तर कायतरी द्यावं की. मी द्यायचो कधी बिस्किटाचा तुकडा, कधी नाही.

पुढं मी न्हाय म्हणणंच सोडलं. याचं कारण कुत्रं, असं मी मल्लप्पाला सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. कर्ण्यातून बोलायला शुद्ध बोलणं लागायचं, साहेब शुद्ध बोलायचे, आणि मला आपल्या तोंडातून "नाही" हा शब्द इस्त्री केल्यासारखा सरळ निघालेला ऐकायला आवडायचं. कुत्र्याला "नाही" कळत नव्हतं. मी नाही म्हटलं तर ते झोपून राहायचं. मला वाटलं, दोघांची सोय झाली.

संक्रांतीला एस.टी.नं घरी गेलो तेव्हा आक्काला मी कुत्र्याचं सांगितलं. ती इतकी हसली की तिला खोकल्याची उबळ आली. चाळणीवरच्या बायकांना हा खोकला असतोच. डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे आलं तरी न्हाय, आनि गेलं तरी न्हाय." मग तिनं विचारलं, गाडी निपाणीत कधी आणणार? मी म्हटलं, आणीन की. तिनं वखारीतल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलं होतं, माझ्या भावाची गाडी येणार आहे, बी.ए. झालाय, कर्ण्यात बोलतोय, पहिला कप मी पिणार. माझ्यासमोरही तिनं शेजारणीला हेच सांगितलं.

कंपनीच्या गाडीचा रस्ता मीच आखायचो. त्या हंगामात मी चिकोडी केली, हुक्केरी केली, संकेश्वर दोनदा केलं. निपाणीला वळसा घालून गेलो. मल्लप्पानं एकदा विचारलं, तुमचा गाव सोडून का जाता? मी म्हटलं, तिथं चहा खपत नाही. ज्या गावातली प्रत्येक बाई धुळीनं सुकलेला घसा घेऊन घरी जाते, त्या गावात चहा खपत नाही.

फाल्गुन लागता लागता साहेब बेळगावहून जीपनं तपासणीला आले. माझं काम त्यांना आवडलं. दोन कानडी वाक्यं मी पाठ केली होती, तीही त्यांनी ऐकून घेतली. मग नकाशावर बोट ठेवून म्हणाले, निपाणी राहिलं की. तुमचे लोक तंबाखूत आहेत ना तिथं? मग वखारीच्या दारातच लावू गाडी. ओळखीनं काम होतं.

मी नकाशाची घडी घातली.

गाडी वखारीच्या फाटकासमोर लागली तेव्हा दुपारची सुट्टी होत होती. आत शे-दीडशे बायका असतील. दार उघडलं की आधी बाहेर येते ती धूळ, मग बायका. सगळ्यांनी पदर नाकातोंडावरून मागं गच्च बांधलेले, उघडे फक्त डोळे. परक्याला त्यातली एकही वेगळी ओळखता येत नाही. साहेब रुमाल नाकाला लावून उभे होते आणि इकडंतिकडं बघत विचारत होते, तुमच्यापैकी कोणी दिसत नाही? मी किटलीवर वाकलो होतो. पण चाल ओळखू येतेच. मांडी घालून बसून बसून आक्काचा डावा पाय जरा ओढत असे. रांगेत शिरायच्या आधीच ती पुढं आली, मागच्या दहाबारा जणी तिच्या मागोमाग हसत. तिनं तोंडावरचा पदर खाली ओढला. नाक आणि ओठ गव्हाळ, स्वच्छ, आणि डोळ्यांभोवती धुळीचा तपकिरी पट्टा, चष्मा घातल्यासारखा.

"बाळू, पयला मी घेतो रं," ती म्हणाली.

आमच्याकडं बायका स्वतःबद्दल असंच बोलतात, मी घेतो, मी जातो. साहेबांना त्याची गंमत वाटली, ते हसले. चांगला माणूस होता तो, हे सांगितलंच पाहिजे. त्यांनी मला विचारलं, "या ओळखीच्या आहेत का तुमच्या? असतील तर आत सावलीत बसवा त्यांना."

"न्हाय," मी म्हणालो.

तीन महिने मी "नाही" म्हणत होतो. त्या क्षणी नेमका आक्कानंच शिकवलेला शब्द तोंडातून निघाला. आणि इंजिनाच्या झाकणावरनं ते कुत्रं उठलं, टुणकन खाली उतरलं, माझ्या पँटीवर पुढचे दोन्ही पाय टेकून अर्धी शेपटी हलवत उभं राहिलं. हाक मारली होती ना मी त्याला.

आक्कानं कुत्र्याकडं पाहिलं. तिला ते नाव माहीत होतं. तिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, मला अजून दिसतं ते, पट्ट्याखालच्या स्वच्छ ओठांवर. तिला वाटलं, मी कुत्र्यालाच हाक मारली. तेवढ्यात साहेब तिला म्हणाले, मग बाई, मागनं रांगेत या. ती थांबली. माझ्याकडं बघत राहिली, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी किटली तिरकी केली, कप भरला आणि तिच्या खांद्यावरनं हात लांब करून मागच्या बाईला दिला.

"चुकलं साहेब," आक्का म्हणाली. साहेबांना नव्हे, मला. "आमच्यातलं वाटलासा."

तिनं पदर पुन्हा नाकावर घेतला, मागं गाठ मारली आणि चहा न घेता आत गेली. सुट्टी अजून बरीच बाकी होती. तिच्याबरोबर आलेल्या बायकांनी चहा घेतला. कपाच्या काठावरनं त्या मला बघत होत्या. एकीनं साखर कमी आहे म्हणून सांगितलं. मी घातली.

कुत्रं आक्काच्या मागं फाटकापर्यंत जाऊन परत आलं. आता साहेबांचं लक्ष गेलं. हे कुणाचं कुत्रं? गाडीत राहतं की काय? या वेळी मी सावध होतो. नाही, मी म्हटलं, स्वच्छ, कर्ण्यातल्यासारखं. कुत्र्यानं कानही हलवला नाही. बरं, साहेब म्हणाले, लोक चहा पितात, कुत्रं दिसायला नको.

साहेबांची जीप पुढं निघाली, मागं आमची गाडी. कुत्रं दारात चढायला आलं तेव्हा मी पायानं दार ओढून घेतलं. ते आधी चालत आलं, मग पळत, मग जीव तोडून पळत. मी समोर बघत होतो. मल्लप्पा आरशात बघत होता. घाटाच्या पायथ्याला त्यानं गिअर खाली घेतला, गाडी रांगायला लागली.

"तुमी बोलावला, ती आली," तो म्हणाला. "आता सोडून का जाता?"

चला, मी म्हटलं.

त्यानं आरशातनं बघत दोनदा नायी, नायी अशी हाक मारली, कुत्र्याला ऐकू जाणार नाही इतक्या हळू. मग गाडी चढाला लागली. पुढं कितीतरी दिवस तो माझ्याशी फक्त कानडीत बोलला, आणि तेही पेट्रोल आणि पाण्यापुरतं. इंजिनाच्या झाकणावर पांढरे केस चिकटलेले होते. ओल्या फडक्यानं ते निघत नव्हते. गाडी तापली की त्यांचा जळका वास यायचा.

मला बढती मिळाली. चांगलं काम करत होतो, मिळायलाच हवी होती. माझ्या बरोबरीची पोरं अजून कारकुनी करत होती तेव्हा मी सुपरवायझर झालो. कोणाच्या उपकारानं नाही. पण हंगाम चुकत नसतो. दर माघात रस्ता मला त्या घाटातनं उतरवायचा, आणि उतरताना मी एक वाक्य घोटत असायचो. परीक्षेला पाठ करतात तसं. आक्का, त्या दिवशी मी कुत्र्याला हाक मारली होती. हे वाक्य जितक्या वेळा म्हणावं तितकं खरं वाटायचं. कुत्र्याचं नाव खरं, हाक खरी, कुत्रं आलं हे शंभर माणसांनी पाहिलेलं. तिला स्वतःलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. साक्षी-पुराव्यानं शाबीत झालेली गोष्ट होती ती. फक्त तो कप मी मागच्या बाईला दिला होता, त्याचं काय करायचं हे मला सुचत नसे. मी पत्रं टाकली. ती शेजारणीच्या पोरीकडून वाचून घेत असणार. उत्तर आलं नाही. पत्रात मी ते वाक्य लिहिलं नव्हतं; परक्या तोंडून तिनं ते ऐकावं असं मला वाटत नव्हतं.

पाचव्या हंगामाला मी गाडी निपाणीत वळवली. मल्लप्पा तोवर नोकरी सोडून गावी गेला होता, गाडी मीच चालवत होतो. वखारीमागची चाळ तशीच होती, एका खोलीची घरं, दारात एकेक बाजलं. आमच्या उंबऱ्यात एक लठ्ठ पांढरं कुत्रं झोपलेलं. एक कान तपकिरी. अर्धी शेपटी.

मी वाकून हळूच म्हटलं, न्हाय.

त्यानं डोळेही उघडले नाहीत. पुन्हा म्हटलं. मग त्यानं माझ्या बुटाचा वास घेतला, शिंकलं आणि तोंड फिरवून झोपलं. मनात आलं, विसरलं बिचारं. कुत्र्याला पाच वर्षं म्हणजे फार झाली.

आक्का वखारीतनं आली. केस पिकायला लागले होते, का धूळच होती, कळलं नाही. मला बघून ती दचकली नाही, रडली नाही, काहीच नाही. "या साहेब, बसा," म्हणून तिनं बाजल्यावरची गोधडी झटकली. मी म्हटलं, मी आत येतो की. ती म्हणाली, आत धूर हाय. शेजारणीच्या पोरीला पाठवून तिनं कोपऱ्यावरच्या हॉटेलातनं चहा मागवला, काचेच्या ग्लासात. मी म्हटलं, आक्का, घरचा केला असतास तर? ती म्हणाली, "आमच्या हातचं कडू लागंल तुमास्नी."

बायका दारादारांतनं बघत होत्या. चाळीत नव्यानं आलेल्या एकीनं विचारलं, कोण गं? आक्का म्हणाली, चहाच्या कंपनीचे साहेब आहेत. यात तरी काय खोटं होतं? मीही असाच बोलत आलो होतो, आणि ती हे माझ्याकडनंच शिकली हे मला तेव्हा कळलं नाही.

कुत्रं कुठनं आलं, मी विचारलं. तिनं सांगितलं. त्या दिवशी सांज व्हायला सुट्टी झाली, बाहेर आली तर हे फाटकाला बसलेलं, तोंडाला फेस, पायांच्या गाद्या फाटलेल्या. बायका म्हणाल्या, सोडून गेल्या गाडीचं कुत्रं हाय, राहू दे. तिनं पदराच्या ओट्यात घालून घरी आणलं. आठ दिवस ते गाडीचा आवाज आला की उठायचं. मग उठायचं बंद झालं. मी ग्लास हातात धरून बसलो होतो, चहावर साय धरली होती. आता बोललं पाहिजे, मी ठरवलं.

"आक्का, त्या दिवशी मी कुत्र्याला हाक मारलती."

आपोआप जुनी बोली आली होती. ती माझ्याकडं बघत होती, पण बघणं असं की समोर भिंत असली तरी तशीच बघितली असती.

"व्हय?" ती म्हणाली. "बरं."

आणि उठून आत गेली. आत चूल पेटली, तवा ठेवल्याचा आवाज आला, मग भाकरी थापल्याचा. उंबऱ्याबाहेर बसूनही मला त्या भाकरीचा वास आला. धुराचा, पिठाचा आणि खाली दडलेला तो कडू. पाच वर्षं मी हॉटेलांत, खानावळीत, लोकांच्या घरी गोड भाकऱ्या खाल्ल्या होत्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, आणि मला त्याची लाज वाटली नाही. ताटली ठेवल्याचा आवाज आला. ती भाकरी कुस्करत होती.

"बाळू," तिनं आतनं हाक मारली. "ये रं आत. निवाय लागली बघ."

पाच वर्षांत मला या नावानं कोणी हाक मारली नव्हती. ऑफिसात मी आडनाव होतो, गावात साहेब होतो. मी ग्लास खाली ठेवला. कसा ठेवला कोण जाणे, तो कलंडला आणि चहा बाजल्याखाली पसरला. मी उठलो, बूट काढायचंही सुचलं नाही, आणि पाऊल उंबऱ्यावर ठेवलं.

माझ्या दोन पायांमधनं अर्धी शेपटी हलवत बाळू आत गेला.